74 रुपयांची गोळी

13 मार्च 2012 च्या सकाळी माझ्या टेबलावर एका कुटुंबाचे चार कागद होते: केस पेपर, केशरी रेशन कार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि 30 गुंठे जमिनीची इसारपावती. पहिले तीन कागद मीच मागवले होते. चौथा रुग्णाच्या पत्नीने आपणहून आणला होता, कारण औषधाचे पैसे आम्ही उभे करू शकतो यावर मी विश्वास ठेवावा, असे त्यांना वाटत होते.

मी तेव्हा मुंबईतल्या एका धर्मादाय रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका होते. डॉक्टरांकडून खर्चाचे अंदाजपत्रक घ्यायचे, त्याला दाखले जोडायचे आणि दहा-बारा विश्वस्त संस्थांना पत्रे पाठवायची, हा आमचा नित्यक्रम. बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते ते हे की, संस्था शस्त्रक्रियेला पैसे देतात, लहान मुलाच्या रक्ताच्या कर्करोगाला देतात. पण प्रौढ माणसाला महिन्यामागून महिना घ्यावी लागणारी आणि आजार बरा न करता फक्त रोखून धरणारी गोळी असेल, तर पत्राला उत्तरही येत नाही. “बरा होईल ना?” हा देणगीदारांचा पहिला प्रश्न असतो. तो विचारणाऱ्यांवर मी पुष्कळदा मनातून रागावले आहे. औषधाचे नाव लिहून भाव सांगण्याचे काम आमच्यावर सोडणारे डॉक्टरही मला कधी पटले नाहीत.

नगर जिल्ह्यातल्या या रुग्णाचा मूत्रपिंडाचा कर्करोग फुप्फुसांपर्यंत पोहोचला होता. त्यांना लिहून दिलेली गोळी होती सोराफेनिब, सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन, म्हणजे महिन्याला 120. पेटंट असलेल्या बायर या जर्मन कंपनीच्या गोळ्यांची महिन्याची किंमत 2,80,428 रुपये होती. एका गोळीला सुमारे 2,337 रुपये. एका भारतीय कंपनीची तीच गोळी महिन्याला 30 हजारांच्या आसपास मिळत होती, पण तिच्यावर पेटंटभंगाचा दावा चालू होता आणि ती उद्या मिळेल की नाही हे कोणीच खात्रीने सांगत नव्हते. या कुटुंबाने त्या 30 हजारांचा हिशेब धरून जमीन काढली होती. चुलतभावाकडून 50 हजारांचा इसार घेतला होता आणि खरेदीखत शुक्रवारी होणार होते.

त्याच सकाळच्या वर्तमानपत्रात बातमी होती. पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी 9 मार्चच्या आदेशाने हैदराबादच्या नॅटको कंपनीला हेच औषध बनवण्याचा सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीशिवाय दिलेला परवाना, दिला होता. महिन्याची कमाल किंमत 8,880 रुपये. मी कागदावर भागाकार केला, तर गोळी 74 रुपयांना पडत होती. पेटंटधारकाला विक्रीवर 6 टक्के स्वामित्वशुल्क मिळणार होते आणि वर्षाला किमान 600 गरजू रुग्णांना औषध फुकट द्यायचे, अशीही अट होती. ही अट मी तीनदा वाचली, कारण आमच्या खोलीत वर्षानुवर्षे जे मागत होतो ते एका सरकारी आदेशात अट म्हणून लिहिलेले मी प्रथमच पाहत होते.

पुढे मी तो आदेश मिळवून सबंध वाचला. पेटंट कायद्याचे कलम 84 तीन प्रश्न विचारते: लोकांची गरज भागते का, किंमत परवडणारी आहे का, आणि पेटंट भारताच्या भूमीवर वापरले जाते का. गरज असलेल्या रुग्णांपैकी जेमतेम 2 टक्क्यांपर्यंत औषध पोहोचले होते. संशोधनाच्या खर्चाचा युक्तिवाद कंपनीने मांडला होता आणि तो क्षुल्लक नाही. पण परवडणारी किंमत ठरवताना औषध घेणारा माणूस समोर धरायचा, असा अर्थ आदेशाने लावला, आणि माझ्या मते कायद्याचा दुसरा अर्थ होऊच शकत नाही. पेटंट कायद्यावरचा न्यायमूर्ती अय्यंगार यांचा 1959 चा अहवाल आणि त्यानंतरचा 1970 चा पेटंट कायदा यांमागे हाच विचार होता. जागतिक व्यापार संघटनेत गेल्यावर 2005 मध्ये आपल्याला औषधांवर पुन्हा उत्पादन पेटंट (फक्त बनवण्याच्या पद्धतीवर नव्हे, तर खुद्द औषधावरच पेटंट) द्यावे लागले, तरी हे कलम संसदेने हातचे सोडले नाही. सार्वभौमत्व हा शब्द मी भाषणांत पुष्कळ ऐकला होता. आमच्या रुग्णालयापासून थोड्याच अंतरावर, अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतींजवळच्या पेटंट कार्यालयात, एका अधिकाऱ्याच्या सहीने एका गोळीचा भाव 2,337 वरून 74 वर येतो, तेव्हा त्या शब्दाचा अर्थ मला पहिल्यांदा उमगला.

पण त्या मंगळवारी मला आदेशाचे कौतुक करत बसायचे नव्हते. आदेश निघाला म्हणून गोळी दुसऱ्या दिवशी काउंटरवर येत नाही. इसाराच्या पैशांतून लगेच औषध सुरू केले असते, तर दीड महिना सहज निघाला असता; पण तो पैसा एकदा मोडला की जमिनीचा व्यवहार मागे घेता आला नसता. मी रुग्णाच्या पत्नीला बातमी वाचून दाखवली आणि म्हणाले, “शुक्रवारचे खरेदीखत पुढे ढकला. थोडे थांबा.”

त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “ताई, इसार घेतलाय, आता मागं कसं सरायचं? आणि तुमी म्हणता म्हणून थांबले, तर यांचा आजार थांबल का?”

मी डॉक्टरांना विचारले. त्यांनी थोडा उशीर चालेल असे सांगितले, मात्र लेखी दिले नाही. चुलतभावाने इसार परत घेतला, ही त्याची माणुसकी. त्यातले 12 हजार मुंबईच्या खोलीभाड्यात आणि तपासण्यांत गेले होते, ते आम्ही एका संस्थेकडून भरून काढले. नवी गोळी त्यांच्या हातात पडायला सुमारे आठ आठवडे लागले. तळहात-तळपाय सोलून निघण्याचा त्रास झाला, भाकरी मोडायला दोन बोटे चालत नव्हती, तरी त्यांनी सात महिने गोळी घेतली. डिसेंबरात ते गेले.

कंपनीने पुढे अपील केले. 2014 च्या जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने परवाना कायम ठेवला आणि डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही. मात्र अशा परवान्यासाठीचे पुढचे दोन अर्ज 2013 आणि 2016 मध्ये फेटाळले गेले, आणि पेटंटसारख्या हक्कांचे पुरेसे रक्षण न करणाऱ्या देशांच्या, अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधी कार्यालयाच्या वार्षिक यादीत भारताचे नाव डोळ्यांत भरेल असे येतच राहिले. कलम जागेवर आहे, पण ते वापरायचे धैर्य त्यानंतर दिसले नाही, याचा मला राग आहे आणि तो मी लपवत नाही.

ते गेल्यानंतर महिन्याभराने त्यांच्या पत्नी उरलेल्या 46 गोळ्या घेऊन आल्या, दुसऱ्या कोणाला द्या म्हणाल्या. घरी नेलेले औषध परत घेता येत नाही, हे मला सांगावे लागले. जमीन होती, तिच्यात कांदा लावला होता. उठताना त्यांनी विचारले, “ते आठ आठवडे आदी सुरू केली असती, तर दिवाळीनंतर अजून थोडं निघालं असतं का?”

मी खरे तेच सांगितले, की मला सांगता येत नाही. त्यांनी गोळ्या पदरात बांधल्या आणि एस.टी.ची वेळ विचारली.