तीस टाक्यांचे छत्तीस

बाबा रोज पहाटे साडेपाचला पर्वती चढतात. गेल्या दिवाळीनंतर थंडी वाढली, तेव्हा त्यांच्यासाठी मफलर विणायचा असं मी ठरवलं. तोवर मी सुई हातात धरली होती ती फक्त बटण लावायला.

तुळशीबागेतून काळी लोकर आणली, कारण बाबांना काळा रंग आवडतो. सुया घेतल्या १२ नंबरच्या. मोठा नंबर म्हणजे जाड सुई असं मी धरून चालले होते. आपल्याकडच्या जुन्या नंबरांत ते नेमकं उलटं असतं. १२ नंबर म्हणजे जेमतेम पावणेतीन मिलिमीटर, ८ नंबर म्हणजे ४. काळ्या लोकरीत, त्या बारीक सुयांवर, मला एकही टाका धड दिसत नव्हता. चार संध्याकाळी व्हिडिओ बघत घालवल्या आणि सगळं उसवलं.

मग शेजारच्या काकूंकडे गेले. त्यांनी काळा गुंडा बाजूला ठेवला, फिकट पिवळी लोकर आणि ८ नंबरच्या सुया दिल्या. "आधी दिसायला हवं गं. काळं नंतर." अंगठ्यावरून टाके घालायला शिकवलं. तीस टाके, सगळ्या ओळी सुलट, एवढंच.

दहा ओळींनंतर मोजले तर छत्तीस! पट्टी खाली अरुंद, वर रुंद. काकूंनी कड बघताक्षणी कारण सांगितलं. ओळ पलटल्यावर मी धागा सुईच्या वरून मागे ओढत होते. त्यामुळे पहिला टाका ताणला जाऊन त्याचे दोन पाय वर येत, आणि मी दोन्ही वेगळे टाके समजून विणत होते. धागा खालून मागे न्यायला लागले, आणि तीसचे तीस राहिले.

उलट टाका आला तेव्हा नवीन घोळ झाला. सुलट टाक्याला धागा मागे लागतो, उलट टाक्याला पुढे. हा धागा दोन सुयांच्या मधून न्यायचा. मी तो सुईवरून नेत होते, म्हणून जागोजागी भोकं पडत होती. तरी दोन सुलट, दोन उलट हा नमुनाच मला मफलरसाठी हवा होता. नुसती एक ओळ सुलट, एक उलट असं विणलं तर कडा गुंडाळतात. यात कापड सपाट राहतं आणि ताणतंही.

पिवळ्या लोकरीतच या नमुन्याची पट्टी चाळीस टाक्यांवर वीतभर झाली. तेव्हा लक्षात आलं की पंधरा ओळी खाली सुलटच्या जागी एक टाका उलट पडलाय. मी सुई काढून उसवायला निघाले, तर काकूंनी हात धरला. "हे बघ, सुलट टाका वेणीच्या पेडासारखा दिसतो, उलट टाका साबुदाण्यासारखा. वेणीत साबुदाणा कुठे आलाय ते शोध."

सापडला. मग त्यांनी त्याच रांगेतला सर्वांत वरचा टाका सुईवरून चक्क सोडून दिला. माझ्या पोटात गोळा आला. तो एकटाच टाका शिडीसारखा ओळी उतरत चुकीपर्यंत गेला, शेजारचे मात्र जागचे हलले नाहीत. काकूंनी क्रोशाची सुई त्यात अडकवली आणि शिडीची एकेक पायरी पुढून ओढून घेत तो पुन्हा वर आणला. शेवटच्या पाच पायऱ्या मला ओढायला लावल्या. त्या दिवसापासून मी तोंडाने "दोन सुलट, दोन उलट" म्हणायचं सोडलं. सुईवर काय आलंय ते बघते आणि पुढचा टाका कळतो.

पिवळी पट्टी पुरी झाल्यावर काळ्या लोकरीला हात घातला. दिवसाउजेडी, खिडकीपाशी बसून तीन आठवडे लागले. टाके बंद करताना मी घट्ट ओढले आणि शेवटचं टोक आक्रसलं. तेवढी एक ओळ उसवून ६ नंबरच्या जाड सुईने पुन्हा बंद केली.

बाबा पर्वतीवरून आले की मफलर दाराजवळच्या खुंटीला टांगतात. आता टोपी विणायला घेतली आहे, चार सुयांवर, ८४ टाके. काकू अजून रोज संध्याकाळी येऊन कड बघून जातात.