सिमेंट काढायलाही परवानगी

लंडनच्या इझलिंग्टन भागातलं, 1820च्या दशकातलं रांगेतलं घर आम्ही घेतलं तेव्हा वकिलीणबाईंनी बजावलं होतं: घर जतन करायच्या जुन्या इमारतींच्या ‘ग्रेड टू’ यादीत आहे, कौन्सिलला न विचारता त्याचं रूप बदललंत तर तो फौजदारी गुन्हा. आम्ही मान डोलावली. पहिल्याच हिवाळ्यात तळघराच्या भिंतीला ओल आली, रंगाचे पोपडे सुटले.

पहिला ठेकेदार आला, यंत्राच्या दोन सुया भिंतीला टोचल्या आणि म्हणाला, रसायन भरून वरून वॉटरप्रूफ गिलावा मारू. रात्री बाबांचा वाईहून फोन. जुन्या वाड्यात वाढलेले. “अरे, आत्ता त्या भिंतीवर काय आहे ते आधी बघ.” एका सुटलेल्या पोपड्याखाली पाहिलं तर टणक, करडं सिमेंट. मूळ चुन्याच्या भिंतीत शिरलेलं पाणी हवेत उडून जायचं. सिमेंटने ती वाट बंद केली होती. बाहेर विटांच्या दरजाही सिमेंटने भरलेल्या, म्हणून पाणी विटांतून निघत होतं आणि थंडीत गोठून त्यांचे पापुद्रे काढत होतं.

आता पंचाईत. हे आधीच्या कुणा मालकाने विनापरवानगी केलं असेल, तरी ते सुधारायची नोटीस आजच्या मालकाला येऊ शकते. भीतभीतच सिमेंट काढून चुना लावायच्या परवानगीसाठी अर्ज केला. अर्जाला फी नाही, हे ऐकून हुरळून जाऊ नका. नकाशे आणि घराच्या महत्त्वाचं टिपण करून घेण्यात खिसा हलका होतो. निकाल आठ आठवड्यांत अपेक्षित असतो. आमचा अर्ज एकदा परत आला, कारण नव्या मसाल्यात चुना-वाळूचं प्रमाण लिहिलं नव्हतं. एकूण पाच महिने गेले.

टिपणासाठी वाचताना मात्र मजा आली. दर्शनी भिंतीत एका विटेची लांब बाजू, पुढचीचं आखूड तोंड, अशी देखणी फ्लेमिश बांधणी दिसते. पण त्या काळचे बिल्डर भाडेपट्ट्याच्या जमिनीवर झटपट घरं उठवायचे. महागड्या विटा वाचवायला आखूड तोंडाच्या विटा भिंतीत आतवर न घालता अर्ध्या तोडून नुसत्या तोंडापुरत्या लावायचे. अशा भिंतीचा बाहेरचा थर आतल्या थराला नीट बांधलेलाच नसतो. आमच्या भिंतीला पोट आलंय ते त्यामुळेच. म्हणजे ही सुबक बांधणी निम्मं सोंग!

परवानगी मिळाली ती डिसेंबरात. कडाक्याच्या थंडीत चुना लावत नाहीत, त्यामुळे सिमेंट काढून भिंत तशीच उघडी वाळत ठेवली. एप्रिलमध्ये चुना, वाळू आणि बकरीच्या केसांचा गिलावा सुरू झाला. तीन थर, आणि दोन थरांमध्ये नुसती वाट बघायची. फार लवकर वाळून तडे जाऊ नयेत म्हणून गवंड्याने ओली गोणपाटं टांगली. बाबांना ती व्हिडिओ कॉलवर दाखवली, तर स्वारी खूश. मग लगेच म्हणाले, “रोजचे किती घेतो रे?”

मी नेटवर्क गेल्याचं सोंग केलं.