गाढववाला, उंटवाला आणि मठातले साधू

साधू म्हणजे ब्रह्मचारी, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. (एकनाथ, तुकोबा प्रपंचात राहून संत झाले, हे आपण सोयीनं विसरतो.) जेरुसलेमला राहायला आल्यापासून माझ्या या समजुतीला रोज धक्के बसताहेत.

बेथलेहेमच्या पूर्वेला किद्रोनच्या घळीत, कड्याला चिकटून मार साबाचा मठ आहे. पाचव्या शतकातला. तिथं आजही ग्रीक ऑर्थोडॉक्स या ख्रिस्ती पंथाचे ब्रह्मचारी साधू राहतात आणि बायकांना आत सोडत नाहीत. नवरा मठ बघून आला, तोवर मी बाहेर उन्हात पाणी पीत बसले. ब्रह्मचर्याच्या या ओढीचं मूळ बरंचसं संत पौलाकडे, म्हणजे ख्रिस्ती धर्माच्या एका आद्य प्रचारकाकडे जातं. अविवाहित राहणं उत्तम, पण संयम झेपत नसेल तर जळत राहण्यापेक्षा लग्न केलेलं बरं, असं तो लिहितो. म्हणजे लग्न हा नाइलाज! पुढे ११३९ मध्ये रोमच्या चर्चनं पाद्र्यांची लग्नंच रद्दबातल ठरवली. ऑर्थोडॉक्स पंथात मात्र गावच्या पाद्र्याला दीक्षेआधी लग्न केलेलं चालतं. ब्रह्मचर्याची अट बिशपला.

आमच्या जवळच्या कर्मठ ज्यू वस्तीत मात्र रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, बाबागाडी ढकलत चाललेला दिसतो. अविवाहित रब्बीकडेच लोक जरा संशयानं बघतात. इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या ग्रंथात तर नवऱ्यानं बायकोला शरीरसुख किती वेळा द्यायचं, याचं धंद्यावार कोष्टक आहे: रिकामटेकड्यानं रोज, मजुरानं आठवड्यातून दोनदा, गाढववाल्यानं एकदा, उंटवाल्यानं तीस दिवसांतून एकदा, खलाशानं सहा महिन्यांतून एकदा. हक्क बायकोचा, कर्तव्य नवऱ्याचं. पुढे ताल्मुदात, म्हणजे मिश्नावरच्या चर्चांच्या ग्रंथात, प्रश्न येतो, गाढववाल्याला उंटवाला व्हायचं असेल तर? कमाई वाढेल की! उत्तर असं, की बाईला विरहासकट दहा मापं धान्यापेक्षा सुखासकट एक माप बरं वाटतं. हे वाचून मी मोठ्यानं हसले.

म्हणून ज्यू धर्म म्हणजे मोकळं रान, असं समजू नका. पाळीचे दिवस आणि त्यानंतरचे सात स्वच्छ दिवस नवरा-बायकोनं एकमेकांना स्पर्श करायचा नाही. मग रात्री बायकोनं मिकव्हे या शुद्धीच्या कुंडात बुडी मारायची. माझ्या ओळखीची एक बाई त्या दिवसांत नवऱ्याच्या हातात मिठाची बाटलीसुद्धा देत नाही. टेबलावर ठेवते, तो उचलतो. स्वयंपाक मात्र तीच करते. आजीच्या काळातलं बाजूला बसणं आठवलं, पण हे तसं नाही. मला तरी ते जाचकच वाटतं. ती म्हणते, दर महिन्याला नव्यानं लग्न झाल्यासारखं वाटतं.

ज्यूंमध्येही एक अपवाद होता, बेन अझ्झाई नावाचा प्राचीन काळचा धर्मपंडित. मूलबाळ होऊ न देणं म्हणजे जणू रक्तपात, असं तो शिकवायचा आणि स्वतः मात्र सडाफटिंग! सहकाऱ्यांनी टोमणा मारला, तर म्हणाला, माझा जीव तोरावर, आपल्या धर्मग्रंथावर, जडलाय. जग चालवायला दुसरे आहेत.