बदलीवाल्यांची मुलगी

शनिवार, रात्री

राग आलेला नाही. हे आधी लिहून ठेवते, कारण ताईला फोनवर मी हेच सांगत होते आणि ती “हो गं, कळलं” असं ज्या सुरात म्हणत होती, तो सूर मला चांगला ठाऊक आहे.

परवा ग्रुपवर शाळेच्या शताब्दीची स्मरणिका आली. पीडीएफ. आमदारांचा संदेश, पतसंस्थेची पानभर जाहिरात, खत-बियाण्यांच्या दुकानाची अर्ध्या पानाची, आणि मग ‘गावचे सुपुत्र व सुकन्या’. डॉक्टर आहेत, फौजदार आहेत, एकजण दुबईला असतो एवढ्याच भांडवलावर आहे. मी नाही. बरं, नसू दे. पण पुढच्या पानावर ऑफिसबाहेरच्या व्हरांड्याचा फोटो आहे. मागे तो काळा फळा, दहावीला पहिल्या आलेल्यांची नावं पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलेला. त्यात माझं साल दिसतं, टक्के दिसतात, आणि नावाच्या जागी आमदारांच्या फेट्याचा तुरा आलाय. झूम करून पाहिलं. आडनावाचं शेवटचं ‘कर’ तेवढं वाचता येतं. महाराष्ट्रात ‘कर’ कोण नाही!

ताई म्हणाली, “अगं, आपण तिथले कुठे? आण्णांची बदली झाली म्हणून गेलो, बदली झाली म्हणून निघालो.” हे तिने समजूत घालायला सांगितलं. तेच लागलं.

आज अल्कॉर्नला, म्हणजे इथे मिसिसिपीतल्या कृष्णवर्णीयांच्या जुन्या विद्यापीठात, होमकमिंगची (माजी विद्यार्थी परत येतात ती) मॅच होती. ह्याची शिफ्ट होती, म्हणून समोरच्या आजींबरोबर गेले. व्हिक्सबर्गहून हायवे ६१ ने खाली, पोर्ट गिब्सन मागे टाकून. आजी नखशिखांत जांभळ्या-सोनेरी, कानातसुद्धा. गाडीभर तळलेल्या कॅटफिशचा वास, कारण पहाटे उठून तळणाचा पहिला घाणा त्यांनी ‘नमुना’ म्हणून आधीच काढला होता. मी मासे खाते हे कळल्यापासून आजींचा माझ्यावर फार जीव.

हा अमेरिकन फुटबॉल मला अजून धड कळत नाही. लोक उभे राहिले की मी उभी राहते. पण बँड कळतो. ‘साउंड्स ऑफ डायनोमाइट’ मैदानात शिरला की ढोलपथकात वाढलेल्या बाईला आणखी काही समजावून सांगावं लागत नाही. अल्कॉर्नचे जुने कोच मरिनो केसम म्हणायचे की दक्षिणेत फुटबॉल हा धर्म आहे आणि शनिवार हा त्याचा पवित्र वार. अल्कॉर्नच्या क्लेबोर्न काउंटीत (काउंटी म्हणजे आपला जिल्हा) जेमतेम नऊ हजार माणसं, आणि आज गाडी लावायला जागा नव्हती.

तर तिथे, बार्बेक्यूच्या धुरात, आजींच्या वर्गमैत्रिणी जमल्या आणि ‘आमचा स्टीव्ह’ सुरू झाला. स्टीव्ह मॅकनेअर. बडी विद्यापीठं त्याला घ्यायला तयार होती, पण दुसऱ्या जागी. त्याला क्वार्टरबॅकच, म्हणजे पास फेकून संघाचा खेळ चालवणारा, व्हायचं होतं म्हणून तो ह्या रानातल्या कॉलेजात आला. १९९४ च्या एका मोसमात पास आणि धाव मिळून ५,७९९ यार्ड. वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूच्या हाइसमन ट्रॉफीच्या मतदानात तिसरा, तेही अशा लहान कॉलेजातून. पुढे टायटन्स ह्या व्यावसायिक संघाला घेऊन सुपर बोलपर्यंत, म्हणजे अंतिम सामन्यापर्यंत, गेला आणि तिथे बरोबरी एका यार्डावर राहिली. त्या एका यार्डाबद्दल आजी अशा हळहळतात की जणू मॅच गेल्या आठवड्यात झाली. झाली ती २००० च्या जानेवारीत. २००९ साली नॅशव्हिलमध्ये त्याचा खून झाला. त्याबद्दल मात्र त्या कधी बोलत नाहीत, मीही विचारत नाही.

पण स्टीव्ह इथला नव्हेच! तो माउंट ऑलिव्हचा, कव्हिंग्टन काउंटीतला. इथून दीड-दोन तासांची वाट. मी आजींना म्हटलं तसं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पटकन आणखी एक मासा घेतला.

मग मनात हिशेबच सुरू झाला. स्टेडियमला नाव केसम आणि स्पिंक्स यांचं. जॅक स्पिंक्स, १९५२ साली पिट्सबर्ग स्टीलर्स ह्या व्यावसायिक संघाने निवडलेला, तो टूमसुबाचा, पार राज्याच्या पूर्व कडेला. केसम मेम्फिसचे. आणि ह्या सगळ्यांच्या आधी ज्यांचं नाव घ्यायला हवं ते कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढलेले मेडगर एव्हर्स, तेही डेकेटरचे. एव्हर्स अल्कॉर्नच्या फुटबॉल संघात होते हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं. युद्धावरून परतून १९४८ ला दाखल झाले, फुटबॉल खेळले, धावले, गायनवृंदात गायले, कॉलेजच्या वार्तापत्राचं संपादन केलं. त्यांची पुढे बायको झालेली मर्ली कॉलेजातल्या तिच्या पहिल्याच दिवशी विजेच्या खांबाला टेकून उभी होती. फुटबॉलवाल्या पोरांचं टोळकं आलं आणि त्यातला एकजण म्हणाला, खांबाला टेकू नकोस, शॉक बसेल. ते मेडगर. पुढच्या वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी लग्न. १९६३ च्या जूनमध्ये जॅक्सनला घराच्या दारात त्यांना गोळी घातली, आणि मारेकऱ्याला शिक्षा व्हायला १९९४ चा फेब्रुवारी उजाडला. त्याच वर्षीच्या मोसमात स्टीव्ह खेळत होता. ही दोन सालं मी आज पहिल्यांदा शेजारी शेजारी ठेवली. काय करायचं त्यांचं, कळत नाही.

मुद्दा एवढाच, की ह्यातलं कुणीही क्लेबोर्न काउंटीचं नाही. सगळे शिकायला नाहीतर शिकवायला आलेले. मेडगर तर पुरती चारच वर्षं होते. मी त्या शाळेत पाचवी ते दहावी होते.

हे वाक्य लिहिल्यावर मलाच हसू आलं. कुणाशी तुलना करतेय मी! पण खोडत नाही. लागलंय ते लागलंयच. आण्णांनी त्या गावात तलाठी म्हणून इतक्या लोकांचे सातबारे लिहिले, आमच्या नावावर तिथे एक गुंठा नाही. दरवेळी नवं गाव, नवी शाळा, ‘तुम्ही कुठले?’ ह्याला दरवेळी वेगळं उत्तर. ताईला त्याचं काही नाही. तिला सासर मिळालं, तिचं गाव ठरलं. मी मिसिसिपीत येऊन बसले.

इथे निदान पायऱ्यासुद्धा कुठून तरी आलेल्या आहेत. कॉलेजातल्या जुन्या चॅपलचा लोखंडी जिना एका मळेवाल्याच्या विंडसर नावाच्या हवेलीचा. ती १८९० ला आगीत गेली, २३ खांब उरले आणि जिना इकडे आला. चॅपल गुलामांच्या हातांनी बांधलेलं, गोऱ्या मुलांच्या ओकलंड कॉलेजसाठी. १८७१ ला राज्याने ते विकत घेऊन कृष्णवर्णीय मुलांचं कॉलेज केलं आणि हायरम रेव्हल्स, अमेरिकी सिनेटमधले पहिले कृष्णवर्णीय सदस्य, पहिले अध्यक्ष म्हणून आले. आज त्या जिन्यावर मुली सोनेरी टिकल्यांचे ड्रेस घालून फोटो काढत होत्या. एकीने मला फोन देऊन काढायला लावले आणि मग “जरा खालून काढा ना” म्हणून परत काढायला लावले. कॉलेजचा पत्ताही धड आपला नाही: लिहायचं लॉर्मन, आणि लॉर्मन शेजारच्या जेफरसन काउंटीत.

परत येताना पोर्ट गिब्सनला पेट्रोलला थांबलो. आजींना मी स्मरणिकेचं सांगितलं, अगदी सहज म्हणून. यादीत नाव नाही, वगैरे. त्या नळी लावून उभ्या होत्या. म्हणाल्या, त्यांच्या मावशीचं नाव यादीत आलं होतं. ह्याच गावात.

१९६६ साल. पोर्ट गिब्सनच्या गोऱ्या दुकानदारांवर कृष्णवर्णीयांचा बहिष्कार. मागण्यांत शाळा होत्या, पोलिसांत नोकऱ्या होत्या, आणि आम्हाला ‘बॉय’, ‘अंकल’ न म्हणता मिस्टर, मिसेस, मिस म्हणा हीही होती. (आजींना नुसत्या पहिल्या नावाने हाक मारली की त्या बहिऱ्या का होतात, ते मला आत्ता कळतंय.) पुढारी मेडगरचे थोरले भाऊ चार्ल्स, तेही अल्कॉर्नचेच. दुकानांबाहेर आपलीच माणसं उभी राहायची, कोण आत जातं ते टिपून घ्यायची. ती नावं चर्चमधल्या सभेत मोठ्याने वाचली जायची, ‘ब्लॅक टाइम्स’ नावाच्या पत्रकात छापलीही जायची. दुकानदार कोर्टात गेले. शेवटी १९८२ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की शांततेचा बहिष्कार हा लोकांचा हक्क आहे. त्या निकालात कुणाच्या घरावर गोळ्या झाडल्या त्याची नोंद आहे, आणि कुणाची फुलबाग उद्ध्वस्त केली त्याचीही.

मावशी शिवणाच्या दोऱ्याचं रीळ आणायला गेली होती. पांढरा दोरा. कुणाच्या तरी लग्नाचा ड्रेस अर्धा राहिला होता. रविवारी नाव वाचलं गेलं, पूर्ण नाव, आणि बाकावर शेजारी बसलेली बाई उठून दुसरीकडे जाऊन बसली. “ते बरोबरच होतं,” आजी म्हणाल्या. बहिष्कार बरोबर की बाईचं उठणं बरोबर, हे मी विचारलं नाही. मग त्यांनी पेट्रोलचं झाकण लावलं आणि म्हणाल्या, मावशीला मरेपर्यंत वाटायचं की आपलं नाव कुणाच्या तरी फेट्यामागे झाकलं जावं. म्हणजे फेटा त्या म्हणाल्या नाहीत, हॅट म्हणाल्या. माझी गोष्ट त्यांनी नीट ऐकली होती तर.

गाडीत मी बराच वेळ गप्प. आजींना ते चालत नाही, त्यांनी फ्रेड मॅकनेअरचा विषय काढला. स्टीव्हचा थोरला भाऊ. ‘एअर मॅकनेअर’ हे टोपणनाव आधी त्याचं, तोही अल्कॉर्नचाच क्वार्टरबॅक. धाकटा आला, नाव त्याच्याकडे गेलं, आज जगाला तोच माहीत. फ्रेड पुढे इथलाच कोच झाला आणि २०१८, २०१९ अशी लागोपाठ दोनदा विजेतेपदं आणली. मी म्हटलं, त्याला वाईट वाटलं असेल का हो? आजी म्हणाल्या, घरातच राहिलं ना नाव. ताईला हे उत्तर फार आवडलं असतं. मला अर्धंच आवडलं.

घरी आल्यावर ह्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, आमच्या अणुवीज प्लांटचंही तेच आहे, उभा इथे, आणि कराचा मोठा वाटा १९८६ पासून कायदा करून दुसऱ्या काउंट्यांना. मग म्हणाला, स्मरणिकेवाल्यांना लिही की एक ओळ. लिहायला घेतलं होतं. ‘आदरणीय मुख्याध्यापक साहेब, स. न. वि. वि.’ इथपर्यंत आले आणि पुढे काय म्हणायचं? मी तुमची आहे? त्यांनी विचारलं, कशावरून, तर?

राहू दे. आत्ता आजींचा मेसेज आलाय. आता जॅक्सन स्टेटची मॅच, मीही येणार हे त्यांनी परस्पर ठरवलंय, आणि जॅक्सन स्टेटचा रंग निळा, तेव्हा अंगावर निळ्याचा धागा दिसता कामा नये अशी तंबी आहे. माझे चांगले कुर्ते सगळे निळेच आहेत. ताईला सांगून एक जांभळा मागवायचा म्हटलं तर ती आधी विचारणार, तुला कधीपासून जांभळा आवडायला लागला.