श्टुटगार्टहून परतीची गाडी

जर्मनीतल्या मित्राकडे चार दिवस जायचं ठरलं की सगळी डोकेफोड होते ती जातानाच्या बॅगेची. तूप, पेढे, श्रीखंड बाद, कारण युरोपबाहेरून येणाऱ्याला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. हापूसही बाद. केळी, अननस, नारळ, खजूर आणि ड्युरियन एवढी पाच फळं सोडली तर बाकीच्यांना रोग-कीड नसल्याचा सरकारी दाखला लागतो, आणि एका पेटीसाठी तो कोण काढत बसणार? शेवटी भाजणी, गोडा मसाला, आमसुलं यांवर तडजोड होते. परतीचं मात्र कुणी बघत नाही. जर्मनीची गाडी आहे, सुटेल काट्यावर!

नाही सुटत. 2024 मध्ये तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी वेळेवर धावल्या साडेबासष्ट टक्के. त्यातही सहा मिनिटांच्या आतला उशीर हा उशीर धरत नाहीत, आणि रद्द झालेली गाडी या हिशेबात येतच नाही. कारण अगदी ओळखीचं आहे. ताशी अडीचशेने जाणारी आयसीई (तिथली वेगवान लांब पल्ल्याची गाडी), मालगाडी आणि लोकल बऱ्याच ठिकाणी एकाच रुळांवरून जातात. एक अडकली की मागच्या साऱ्या अडकतात. रूळ जुने झाले ते वेगळंच. मानहाइम ते फ्रँकफुर्ट हा सत्तरेक किलोमीटरचा पट्टा 2024 मध्ये दुरुस्तीसाठी सलग पाच महिने बंद ठेवावा लागला होता. श्टुटगार्टहून परतीच्या विमानासाठी फ्रँकफुर्टच्या विमानतळाकडे जाणारा रस्ता नेमका तोच.

श्टुटगार्टच घेतलं, कारण मराठी घरं तिथे चिकार. मर्सिडीज तिथली, बॉश तिथली, आणि चाकणहून तिकडे जाणाऱ्यांची ये-जा कायमची. मुंबईचं तर 1968 पासून या गावाशी भगिनी-शहराचं नातं आहे. मुक्काम छान होतो. फक्त मित्राच्या दाराला 'केरवोखे'ची पाटी लटकत असली तर त्या आठवड्यात जिना झाडायची पाळी त्याची, हे ओळखावं आणि झाडू आपण उचलावा.

आता तिकीट. स्वस्तातलं 'श्पारप्राइस' तिकीट त्या एकाच गाडीला बांधलेलं असतं. आधीची रिकामी दिसली म्हणून तिच्यात चढता येत नाही. पण मुक्कामी पोचायला वीस मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असं दिसलं की ते बंधन सुटतं आणि दुसरी कुठलीही आयसीई पकडता येते. हे ठाऊक नसलेली माणसं फलाटावर निमूट बसून राहतात. तासाभराचा उशीर झाला तर पाव भाडं परत मिळतं, दोन तासांचा झाला तर निम्मं. चुकलेल्या विमानाचे पैसे त्यात नसतात, म्हणून विमानाच्या तीन तास आधी पोचवणारी गाडी शोधावी आणि तिच्या आधीची घ्यावी. मित्र हसेल, हसू द्यावं.

तिकिटात जागा येत नाही, आरक्षण वेगळं पैसे मोजून करायचं. गाडी सुटल्यावर पंधरा मिनिटांत त्या जागेवर बसला नाहीत तर हक्क गेला. श्टुटगार्टला हे सहज होतं. सीएसएमटीसारखंच ते गाडी उलटी फिरायचं स्टेशन. शिवाय 2010 पासून चाललेल्या बांधकामापायी फलाट जुन्या इमारतीपासून शंभरेक मीटर मागे सरकवलेत. लोकलमधून उतरून वळसा घालत फलाटाला लागायला बॅगांसह पंधरा मिनिटं धरावीत. पुढे तेरा डब्यांची आयसीई पावणेचारशे मीटर लांब. फलाटावर ए, बी, सी अशी अक्षरं टांगलेली असतात; आपला डबा कुठल्या अक्षराशी येणार ते बघून तिथेच उभं राहावं. 'डबे उलट्या क्रमाने' अशी घोषणा झाली की फलाटाच्या दोन्ही टोकांची माणसं एकमेकांना ओलांडत पळतात. जर्मन शिस्त बघायची असेल तर तेव्हा बघू नये.

तेवीस किलोची बॅग डोक्यावरच्या फळीवर चढवायच्या फंदात पडू नका. पाठीला पाठ लावलेल्या दोन आसनांच्या मधे तिकोनी पोकळी असते, मध्यम बॅग तिथे बेमालूम बसते. मोठीला डब्याच्या टोकाचं कपाट, पण ते लवकर भरतं. खायला स्टेशनातल्याच बेकरीतून लोणी भरलेलं ब्रेत्सेल, म्हणजे गाठ मारल्यासारखा वळलेला पाव, घ्यावं. पोट जाड, हात बारीक कुरकुरीत, आणि पोटावर चीर असली की ते अस्सल श्वाबियन, म्हणजे श्टुटगार्टच्या मुलखातलं.

प्रवास जेमतेम सव्वा तासाचा, त्यामुळे मानहाइम सुटलं की बॅगा काढायला हरकत नाही. विमानतळाला दोन स्टेशनं आहेत. आयसीई थांबते ते 1999 चं लांब पल्ल्याचं, फलाट 4 ते 7. तिथून पुलावरून चालत टर्मिनल 1. गाडी विमानतळ टाळून थेट फ्रँकफुर्टच्या मुख्य स्टेशनात नेणार अशी घोषणा झालीच तरी घाबरायचं कारण नाही. तिथे खाली भुयारातून एस-8 किंवा एस-9 लोकल सुटते, दहा-बारा मिनिटांत विमानतळ. मात्र ती दुसऱ्या स्टेशनात, फलाट 1 ते 3 वर सोडते. टर्मिनल 1 त्याच्या डोक्यावरच आहे. श्टुटगार्टचा मित्र तोवर मोबाइलवर आपली गाडी कुठे पोचली ते बघत असतो, आणि किती मिनिटं लेट ते आपल्या आधी त्याला कळलेलं असतं.