तुम्ही विचारलंत म्हणून: सुपर बोलचे आकडे खरे मानायचे का?

अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना झाला, की प्रेक्षकसंख्येच्या विक्रमाची बातमी आपल्याकडेही येते. मग हमखास विचारणा होते, 'इतके लोक खरंच बघतात? आणि आपल्या क्रिकेटला तर याहून जास्त असतात ना?'

आकडे खरे आहेत, पण ते कशाचे आहेत हे आधी बघायला हवं. ९ फेब्रुवारी २०२५ ला न्यू ऑर्लिन्समध्ये फिलाडेल्फिया ईगल्सनी कॅन्सस सिटी चीफ्सना ४०-२२ असं हरवलं. नील्सन या मोजणी करणाऱ्या कंपनीच्या हिशेबाने तो सामना अमेरिकेत १२ कोटी ७७ लाख लोकांनी पाहिला. ही सरासरी आहे. म्हणजे सामना चालू असताना कोणतंही मिनिट घ्या, साधारण एवढी माणसं पडद्यासमोर होती. २०२३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला आपल्याकडे टीव्हीवर ३० कोटी प्रेक्षक सांगितले गेले, त्यात मात्र थोडा वेळ डोकावून गेलेलेही धरले होते. ही दोन मापंच वेगळी, त्यामुळे ती तुलना मला पटत नाही.

विक्रमाचं म्हणाल, तर त्यात मोजणीचाही वाटा आहे. बारमध्ये, हॉटेलात, दुसऱ्याच्या घरी बसून बघणारे नील्सनच्या राष्ट्रीय आकड्यांत २०२० पासून येऊ लागले. २०२५ च्या सामन्याच्या तोंडावर ही मोजणी आणखी मोठ्या भागात पोचली. हे लोक आधीही बघतच होते, फक्त हिशेबात नव्हते.

म्हणून मला सगळ्यात मोठा वाटतो तो २४ जानेवारी १९८२ चा सामना. सॅन फ्रान्सिस्को विरुद्ध सिनसिनाटी, मिशिगनमधल्या पाँटियाकच्या बंदिस्त स्टेडियममध्ये. टीव्ही असलेल्या घरांपैकी ४९.१ टक्के घरांत तो लागला होता. प्रेक्षक साडेआठ कोटींच्या आसपास, आणि देशाची लोकसंख्या तेव्हा २३ कोटी. आज ती ३४ कोटींच्या घरात आहे. भागाकार करून पाहा, दोन्ही वेळा शंभरातले सदतीसएक लोक येतात! आणि १९८२ मध्ये बारमधली गर्दी मोजलीच नव्हती.

पण यामुळे २०२५ चं मोल कमी होत नाही, उलट वाढतं. १९८२ मध्ये बहुतेक घरांना तीन मोठ्या वाहिन्यांपलीकडे फारसं काही नव्हतं. १९८३ मध्ये 'मॅश' मालिकेचा शेवटचा भाग जवळपास १० कोटी ६० लाख लोकांनी पाहिला. तो विक्रम २०१० च्या सुपर बोलपर्यंत टिकला. आज कुठल्याही मालिकेला त्याच्या जवळपासही जाता येत नाही, घरातल्या घरात चार जण चार पडदे बघतात. अशा काळात एका सामन्याने १९८२ एवढाच हिस्सा राखावा, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

माझ्या मते याचं मोठं कारण साधं आहे: हा सामना फुकट दिसतो. २०२५ मध्ये फॉक्स वाहिनीवर तो नुसत्या अँटेनावर दिसत होता, आणि टुबी या मोफत अ‍ॅपवरही. पैसा येतो जाहिरातींतून. त्या वर्षी तीस सेकंदांच्या काही जागा ८० लाख डॉलरना गेल्या. उद्या हा सामना वर्गणी भरणाऱ्यांपुरताच ठेवला, तर याच्या निम्मे प्रेक्षकही उरतील असं मला वाटत नाही.