पांढरं चित्र पांढरंच ठेवायचं म्हणजे काय (माझा अनुभव)

आमच्या सांगलीच्या हौशी ग्रुपने यास्मिना रेझा यांचं 'आर्ट' मराठीत करायचं ठरवलं आणि नेपथ्य माझ्या गळ्यात पडलं. सगळे म्हणाले तुझी चैन आहे लेका, एक चित्र नि चार खुर्च्या. मूळ फ्रेंच नाटक १९९४ चं. सर्ज नावाचा स्किनचा डॉक्टर दोन लाख फ्रँक मोजून एक पांढरं चित्र घेतो, त्याचा जुना दोस्त मार्क ते बघून भडकतो आणि तिसरा इव्हान दोघांच्या मधे चेपला जातो.

चित्र पाच बाय चार फूट, पांढऱ्यावर पांढऱ्याच तिरक्या रेघा. आता १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी सीता स्वयंवर केलं ते हे गाव, इथला प्रेक्षक नाटक नंतर बघतो, आधी सेट तपासतो! मग प्लायवर पुट्टीने रेघा जरा उठवून घेतल्या, समोरून लाइट मारला की सपाट पांढरं दिसतं, बाजूने तिरका मारला की रेघांची सावली पडते.

खरी डोकेदुखी शेवटी (नाटक बघायचं असेल तर हा पॅरा सोडा). मार्क त्या चित्रावर पेनाने उतारावरून घसरणारा माणूस काढतो आणि नंतर ते पुसतात. म्हणजे प्रत्येक तालमीला काढा, पुसा. डिस्टेंपरवर शाई आत मुरते, विषय संपला. ग्लॉसी ऑइल पेंटवर शाई धरतच नाही, थेंब थेंब होतात आणि वर लाइटात आरशासारखं चमकतं. शेवटी सॅटिन फिनिशचा ऑइल पेंट आणि पोरांचं जाडं स्केचपेन, हे जमलं.

तोवर डायरेक्टर म्हणतोय रेघा दिसायलाच नकोत आणि लाइटवाला म्हणतोय मग मी काय उजेड पाडू, कॉलेजपासूनचे दोस्त दोघं, चहाला वेगवेगळ्या टपरीवर जायला लागले. मला विचाराल तर लाइटवाल्याचं बरोबर होतं, रेघा अजिबात दिसल्या नाहीत तर सर्ज नुसता येडा ठरतो आणि भांडणात दमच राहत नाही.

इव्हानच्या भाषणाला मात्र कुणी हात लावला नाही. लग्नपत्रिकेत सावत्र आयांची नावं घालायची का नाही यावरून तो जे सुटतो ते सुटतोच, आणि पत्रिकेतल्या नावांवरून रुसवेफुगवे आपल्याकडे काय कमी आहेत का राव.

कुणी करणार असाल तर स्केचपेन निळंच घ्या, लाल पुसल्यावर गुलाबी झाक राहते. आणि विंगेत ओलं फडकं दोन ठेवा, एक ऐनवेळी कुणीतरी घाम पुसायला नेतंच.